नकाशाला हात कोणी लावायचा?

नोकरीत तुम्ही नेमकं काय करत होता, असं कोणी विचारलं की मी सांगते, ‘नाही’ म्हणत होते. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, मधे डब्यासाठी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात कोणी खिडकीशी आलंच, तर तोंडातला घास गिळून ‘नाही’ म्हणायचं. एकोणीस वर्षं हे काम मी निष्ठेनं केलं. निवृत्तीनंतरही सवय गेलेली नाही, असं घरचे म्हणतात.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. कारखाना आता बंद आहे, पण त्यातली माणसं आहेत, आणि त्यांतली बरीच दिवाळी अंक वाचतात. नागपूरच्या बाहेर मोठ्या आवारात तो पसरला होता. साठीच्या दशकाच्या अखेरीला मी तिथं ट्रेसर म्हणून लागले. ड्राफ्ट्समननं पेन्सिलीनं काढलेला नकाशा खाली ठेवायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि काळ्या शाईनं रेघ न् रेघ गिरवायची, हे ट्रेसरचं काम. स्वतःचं डोकं वापरायचं नाही. दोन-तीन वर्षांनी नकाशाघराचे बाबू निवृत्त झाले आणि बाईंचं अक्षर चांगलं आहे, या एकमेव कारणावरून ती खोली माझ्या ताब्यात आली.

नकाशाघर म्हणजे काय ते आधी सांगते. कारखान्यातली प्रत्येक इमारत, प्रत्येक यंत्र, जमिनीवरचा आणि जमिनीखालचा प्रत्येक नळ, प्रत्येक तार यांचा एकेक मूळ नकाशा असतो. तो त्या निळसर, गुळगुळीत कापडावर असतो. कामाला जे कागद बाहेर जातात त्या मुळाच्या प्रती, अमोनियाच्या वाफेवर उठवलेल्या. प्रत फाटली, तेलानं माखली, कोणी त्यात भजी बांधून नेली तरी बिघडत नाही, दुसरी काढता येते. मूळ मात्र एकच. मुळात चूक असली की सगळ्या प्रती त्याच चुकीसह, तितक्याच स्वच्छ निघतात. म्हणून मूळ नकाशे सपाट खणांच्या लोखंडी कपाटांत, कुलपात. कपाटांची चावी माझ्याकडे. आणि त्या खोलीत पाणी आणायला सक्त मनाई. ट्रेसिंगचं कापड असतं तलम सुती, त्याला खळ चढवून काचेसारखं केलेलं. पाण्याचा थेंब पडला की खळ सुटते आणि खळीबरोबर रेघ जाते. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री असताना शेजारच्या खोलीत वाळ्याचा कूलर घरघरायचा. माझ्या खोलीत नकाशांच्या प्रकृतीसाठी कोरडी हवा.

याच खळीची एक गंमत. रद्द झालेले मूळ नकाशे मी समितीसमोर फाडून नष्ट करावेत असा नियम होता. समितीला घाई असायची. ‘बाई, नष्ट समजा,’ म्हणून सह्या करून ती चहाला जाई, आणि संध्याकाळपर्यंत ते कापड कोणाकोणाच्या पिशवीत गेलेलं असे. गरम पाण्यात दोनदा धुतलं की खळ निघून जायची आणि राहायची सुरेख मऊ मलमल. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या तान्ह्या बाळांची झबली त्याचीच. एका बारशाला मी बाळ मांडीवर घेतलं तर त्याच्या पाठीवर बॉयलरच्या धुराड्याचा छेद अजून पुसट दिसत होता. त्या नकाशावर ‘अत्यंत गोपनीय’ असा शिक्का होता. बाळाला त्याची कल्पना नव्हती.

आता माझं खरं काम. नकाशाशी माणसाचे चार प्रकारचे संबंध येऊ शकतात, असं आमची नियमपुस्तिका सांगत होती. पाहणे, प्रत घेणे, बाहेर नेणे आणि हात लावणे. हात लावणे म्हणजे मुळावरची रेघ ब्लेडनं खरवडून नवी काढणे. प्रत्येक अधिकाऱ्याचं माझ्याकडे एक कार्ड होतं. कार्डावर नकाशांचे गट, आणि प्रत्येक गटासमोर या चारांपैकी काय काय चालेल त्याचे हो-नाही. कोणी खिडकीशी आला की मी लाकडी पेटीतून त्याचं कार्ड काढायचे, बघायचे आणि बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणायचे. माझ्या स्वतःच्या कार्डावर पहिल्या तिन्हींना ‘हो’ होतं, चौथ्याला ‘नाही’. ज्या बाईनं यातले शेकडो नकाशे स्वतः गिरवले तिला त्यांतली एक रेघ हलवता येत नव्हती. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. स्वयंपाकिणीनं पंगतीत वाढायचं नसतं, तसंच ते.

कार्ड माणसाचं नव्हतं, खुर्चीचं होतं. एका ड्राफ्ट्समनची सोमवारी स्टोअरमध्ये बदली झाली. शनिवारी स्वतः पूर्ण केलेला नकाशा मंगळवारी बघायला आला, तर मी दाखवू शकले नाही. तो म्हणाला, ‘बाई, तो मला पाठ आहे हो.’ पाठ असण्याला नियमात बंदी नव्हती.

कोण काय बघायला मागतो याचं मला फार कुतूहल असे. सगळ्यात जास्त मागणी कोणत्या नकाशाला असेल? बॉयलरला नाही, वीज-उपकेंद्राला नाही, तर मोठ्या साहेबांच्या बंगल्याला. हिशेबखात्यापासून सुरक्षाखात्यापर्यंत सगळ्यांना तो ‘कामासाठी’ हवा असे. बंगल्यात न्हाणीघरं किती, एवढंच प्रत्येकाला मोजायचं होतं. तीन होती.

सत्तरच्या मध्याला नवे मोठे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना मैदानात उभं करून भाषण केलं. त्यात ‘शिस्त’ हा शब्द इतक्यांदा आला की मागच्या रांगेतल्यांनी पैज लावली होती. मग परिपत्रक निघालं : सर्व नकाशे गोपनीय समजावेत, सर्व जुनी कार्डं रद्द, नवी कार्डं साहेबांच्या सहीनं, आणि कोणीही स्वतःच्या कार्डावर स्वतः सही करू नये. मी आठवडाभर शिक्के मारत होते. सायकल स्टँड गोपनीय झाला. कँटीनची नाली गोपनीय झाली. पुढं ती नाली तुंबली तेव्हा उघडायची कुठं, हे बघायचा अधिकार कारखान्यात फक्त दोन माणसांना होता, आणि त्यातला एक रजेवर होता.

साहेबांच्या स्वतःच्या कार्डाचा विचार परिपत्रक लिहिताना कोणी केला नव्हता. स्वतःच्या कार्डावर ते सही करू शकत नव्हते आणि त्यांच्या कार्डावर सही करेल असा त्यांच्या वरचा कारखान्यात कोणी नव्हता. कार्ड मुंबईला मुख्य कचेरीत गेलं. दरम्यान एक दिवस साहेब स्वतः खिडकीशी आले.

‘नव्या शेडचा नकाशा काढा.’

‘आपलं कार्ड अजून आलेलं नाही, साहेब.’

‘तुम्ही मला ओळखत नाही का?’

‘ओळखते, साहेब. पण ओळखीवर नकाशा दाखवू नये, असं आपलंच परिपत्रक आहे.’

ते लाल झाले. मग काहीतरी आठवून फिकट झाले आणि निघून गेले. अकरा दिवस त्या आवारात सर्वांत मोठा माणूस नकाशांच्या बाबतीत माळ्याच्या बरोबरीचा होता. पुढं वार्षिक समारंभात त्यांनी या प्रसंगाचा ‘आदर्श कर्तव्यनिष्ठा’ म्हणून उल्लेख केला, स्वतःचं नाव वगळून.

हे सगळं हसण्यासारखं होतं म्हणून सांगितलं. आता जे सांगणार आहे ते इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.

नकाशात बदल झाला की जुन्या प्रती परत मागवायच्या, मोजायच्या आणि फाडायच्या, हेही माझंच काम. जुनी प्रत कोणाच्या खिशात राहिली आणि त्यानं तिच्यावरून काम केलं तर अनर्थ होईल, म्हणून. मी या बाबतीत फार कडक होते. एकदा पूर्वेकडच्या रस्त्याच्या नकाशात एक दिव्याचा खांब वाढला आणि बारा जुन्या प्रती परत मागवल्या. अकरा आल्या. सात नंबरची येईना. ती वीजखात्याच्या तिवारी फोरमनच्या नावावर होती. चार स्मरणपत्रं गेल्यावर ती आली : घामानं पिवळी, घड्यांवर फाटलेली, मधे पेन्सिलीची गिचमीड. मी वहीत खूण केली आणि प्रत उभी-आडवी फाडून टोपलीत टाकली. बारापैकी बारा. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी एक उंच, हडकुळा म्हातारा उभा. खाकी कपडे, खिशाला पक्कड. नाव देवाजी. वीजखात्यात खलाशी, म्हणजे खड्डे खणणे, केबल ओढणे, जोड देणे. खलाशांना कार्डच नसायचं, त्यामुळे तो कधी माझ्या खिडकीशी आला नव्हता.

‘बाई, माहा कागद तुमी फाडला म्हंतात. काहून फाडला?’

‘कोणता कागद?’

‘सात नंबरचा. फोरमनसाहेबानं माह्या खिशातून ओढून नेला.’

‘तो जुना झाला होता. नवा आलाय, तुमच्या साहेबांकडे आहे.’

‘कागद जुना झाला वं बाई, केबल तं नाही न जुनी झाली! नव्या कागदात केबल रस्त्याच्या त्या बाजूनं दाखवली. जुन्यातबी तसीच होती. म्या त्याच्यावर पेन्सिलीनं खरी मांडून ठेवली होती.’

मी टोपलीकडे पाहिलं. टोपली सकाळीच भट्टीत गेली होती.

त्यानं सांगितलं ते असं. बारा-तेरा वर्षांपूर्वी उपकेंद्रापासून शेडपर्यंत मोठ्या दाबाची केबल टाकली, तेव्हा ती रस्त्याच्या पूर्वेनं जायची होती. खणताना मधेच काळा खडक लागला. तिवारी तेव्हा नवे होते, त्यांना काम वेळेत संपवायचं होतं. ‘अरे, इधर से ले लो,’ म्हणाले आणि केबल रस्ता ओलांडून पश्चिमेनं गेली. काम संपल्यावर ‘नकाशाप्रमाणे केबल टाकली’ या दाखल्यावर तिवारींनी सही केली. तेव्हापासून मुळात ती पूर्वेलाच होती. खाली खणणाऱ्या टोळीतले बाकीचे कोणी सोडून गेले, कोणी वारले. केबल खरी कुठं आहे हे जाणणारा एकटा देवाजी उरला होता, आणि वर्षभरात तो निवृत्त होणार होता.

‘मी गेल्यावर कोणाले विचारान?’ तो म्हणाला. ‘कागदाले विचारान. अन् कागद खोटा बोलून राह्यला.’

मी बदल-चिठ्ठी भरली. मुळाला हात लावायचा तर ही चिठ्ठी लागे आणि तिच्यावर चार सह्या : संबंधित फोरमन, वीज अभियंता, हेड ड्राफ्ट्समन, मोठे साहेब. पहिल्या सहीलाच चिठ्ठी अडली. तिवारी पान लावत म्हणाले, ‘मॅडम, केबल वहीं है जहाँ मेरी सही है।’ फोरमनची नाही म्हणून अभियंत्यांची नाही, अभियंत्यांची नाही म्हणून पुढच्यांची नाही. चिठ्ठी आठ महिने फिरली आणि प्रत्येक टेबलावर तिला एक नवी टाचणी मिळाली. देवाजी पंधरा दिवसांनी एकदा खिडकीशी यायचा. ‘झालं काय वं बाई?’ मी मान हलवायची. तो रागवायचा नाही. खिडकीतून आतल्या कपाटांकडे बघत मिनिटभर उभा राहायचा आणि जायचा.

मग उन्हाळ्यात नव्या शेडला पाण्याचा नळ न्यायचं ठरलं. नळ कुठून न्यायचा? नकाशात केबल पूर्वेला, म्हणजे पश्चिमेची बाजू मोकळी. तेव्हा पश्चिमेनं. एका शनिवारी सकाळी ठेकेदाराचा माणूस रीतसर चिठ्ठी घेऊन आला : पूर्वेकडच्या रस्त्याची प्रत हवी, सोमवारी खणायला सुरुवात. चिठ्ठीवर सगळ्या सह्या होत्या. प्रत त्याच दिवशी द्यायची असा नियम. ‘दुपारी या,’ मी म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

आधी देवाजीला गाठलं. तो म्हणाला, ‘बाई, खणतानी लोखंडाची सब्बल केबलले लागली तं माणूस कोरसा होऊन जाईन. मी तिथं उभा राह्यलो असतो, पण सोमवारी मले उपकेंद्रावर टाकलं. अन् ठेकेदार माहं काहून आयकन? तो म्हणते नकाशा दाखव.’

‘वीज बंद करून खणायला सांगा ना.’

‘वीज कोनती बंद करान? नकाशात तं तिथं तारच नाही!’

मग मी तिवारींकडे गेले. ते सहीवर ठाम होते, पण त्या दिवशी त्यांनी पान लावलं नाही, नुसता चुना मळत राहिले. अभियंता दौऱ्यावर. मोठे साहेब पाहुण्यांबरोबर. उरले आमचे हेड ड्राफ्ट्समन साठवणेबाबू. भला माणूस. नियमपुस्तिका उशाला घेऊन झोपत असावा.

‘एका खलाशाच्या सांगण्यावरून मुळाला हात लावू? बाई, तुम्ही म्हणता हे?’

‘हात लावू नका. प्रत थांबवा.’

‘कोणत्या नियमानं थांबवू? प्रत फक्त मूळ खराब असेल तर थांबवता येते. सोळावा नियम. खराब मुळावरून प्रत देऊ नये, प्रतीशिवाय खणू देऊ नये आणि खराब मूळ जुन्या प्रतीवरून गिरवू नये, जागेवर नव्यानं मोजून काढावं.’ त्यांनी तो पाठ म्हणून दाखवला. मलाही पाठ होता. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की कधीकधी ऐकू येतो. ‘तुमचं मूळ तर उत्तम आहे!’ ते म्हणाले.

मी परत आले. येताना त्यांच्या खोलीतल्या माठातून पेलाभर पाणी घेतलं. दहा-अकरा वर्षांत त्या उंबरठ्याच्या आत मी पाणी नेलं नव्हतं, घसा कितीही कोरडा पडो. पूर्वेकडच्या रस्त्याचं मूळ खणातून काढलं, टेबलावर पसरलं. सुंदर नकाशा होता. मीच गिरवलेला, ट्रेसर असताना. उत्तरेची दिशा दाखवणारा बाण मला विशेष जमला होता. बोटं पेल्यात बुडवली आणि आपण अंगणात सडा घालतो तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झटकली. थेंब पडले तिथं कापड आधी पांढरं झालं, मग सुरकुतलं. मी मिनिटभर थांबले आणि अंगठ्यानं पुसलं. पूर्वेची केबल माझ्या अंगठ्याला आली.

भीती तर वाटलीच. थोडी मजाही वाटली होती, हे लपवत नाही.

दुपारी ठेकेदाराच्या माणसाला मी सांगितलं, ‘नाही. मूळ खराब आहे.’ तो ओरडला, साठवणेबाबू धावत आले. त्यांनी नकाशा पाहिला, पेला पाहिला, मला पाहिलं. खुर्चीवर बसून त्यांनी स्वतःच्या हातानं टिपण लिहिलं : सोळाव्या नियमान्वये प्रत स्थगित. पेला जाताना ते घेऊन गेले.

सोमवारी खणणं झालं नाही. बुधवारी जागेवर मोजणी लागली. आता मूळच नसल्यानं केबल कुठंही असू शकत होती, म्हणून नियमाप्रमाणे त्या अख्ख्या रस्त्याची वीज बंद झाली. मोठे साहेब टोपी घालून आले. ‘सुरुवात कुठून करायची?’ त्यांनी विचारलं. उपकेंद्रावरून देवाजीला बोलावलं. तो आला, रस्त्याच्या पश्चिमेनं वीसेक पावलं चालला, एका जागी थांबला आणि टाचेनं मातीत रेघ ओढली.

‘हितं.’

फावड्यानं हळूहळू उकरलं. तीन-साडेतीन फुटांवर केबलवर झाकलेल्या विटा लागल्या. ठेकेदाराच्या आखणीचा चुना तिथून वीतभर अंतरावर होता. खणणारी माणसं सब्बली टेकून त्या विटांकडे बघत राहिली. तिवारी खड्ड्यात वाकून म्हणाले, ‘देखा? मैंने कहा था न, यहीं कहीं होगी।’ देवाजीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, ‘हो न साहेब. तुमच्याच तं हुकुमानं टाकली.’ तिवारी एकदम वर बघायला लागले, जणू आभाळात काही उडतं आहे. नव्या नकाशाच्या मोजणी-दाखल्यावर त्यांनी पहिली सही केली. जुना दाखला जुन्या नकाशाबरोबर रद्द झाला होता. त्यांना कोणाला काही कबूल करावं लागलं नाही, आणि मला वाटतं, म्हणूनच सही इतक्या चटकन झाली.

नवं मूळ गिरवायला ट्रेसर नव्हते. आमचे दोघे कोराडीच्या वीजकेंद्रात निघून गेले होते, जागा रिकाम्या होत्या. तेव्हा ‘या एका कामापुरती’ अशी लेखी परवानगी काढून ते काम मला देण्यात आलं. पश्चिमेची केबल मी माझ्या हातानं, रीतसर काढली.

माझी चौकशी झाली. ‘अभिलेखकक्षात पाणी कसे आले?’ मी लिहिलं, ‘पाण्याचा पेला माझ्या हातून आत आला होता. उष्मा फार होता. पाणी नकाशावर पडले.’ एकही वाक्य खोटं नव्हतं. खरी वाक्यं मी निवडून लिहिली होती. साहेबांनी सेवापुस्तकात ‘हयगय’ असा शेरा मारला. त्याच हातानं त्यांनी काही वर्षांपूर्वी त्याच पुस्तकात ‘आदर्श’ लिहिलं होतं. दोन्ही शेरे शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. खंत एकच आहे, आणि ती पाण्याची नाही. सात नंबरची प्रत मी न वाचता फाडली होती. ती वाचली असती तर हे काहीच करावं लागलं नसतं. कागदाची मोजणी करणाऱ्यानं कागद वाचायचा नाही, हे मी कुठून शिकले होते कोण जाणे.

नवं मूळ कपाटात गेलं त्या आठवड्यात देवाजी आला. निवृत्तीला महिना-दीड महिना राहिला होता.

‘मांडली काय वं बाई खरी?’

‘मांडली.’

‘पाहू द्या न एक खेप.’

मी सवयीनं ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. आणि मिटलं. त्याला म्हटलं, ‘एक तारखेला या.’

एक तारखेला मोठे साहेब महिन्याची नवी कार्डं सही करत. वीस-पंचवीस असत, आणि भाषण लिहिता लिहिता ते न वाचता सह्या करत जात. त्या गठ्ठ्यात मी एक कार्ड घातलं. देवाजी, खलाशी. पाहणे : हो. साठवणेबाबूंच्या हातून गठ्ठा पुढं जायचा होता. त्यांना ते दिसलंच.

‘खलाशाला कार्ड? बाई, उद्या कँटीनचा आचारी मागेल.’

‘मागेल तर द्यावं लागेल, बाबू. नाली तुंबते.’

ते चष्मा पुसत राहिले. मग कार्ड त्यांनी गठ्ठ्याच्या मधोमध सरकवलं. वर नाही, खाली नाही. सरकारी माणसाला कागद कुठं दिसत नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

देवाजी आला तो कपडे धुऊन. चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हटलं, राहू द्या. त्यानं ऐकलं नाही. आत येऊन तो कपाटांच्या रांगेकडे बघत राहिला. मी पूर्वेकडच्या रस्त्याचं मूळ पसरलं. त्यानं खिशातून रुमाल काढून हात पुसले, मग दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकला. डोळ्यांनी उपकेंद्रापासून निघाला, खडकाशी वळला, रस्ता ओलांडला, पश्चिमेनं शेडपर्यंत गेला. मान हलवली.

‘बराबर हाये.’

मला वाटलं, झालं. पण तो जाईना.

‘बाई, अख्खा कारखाना एकाच कागदावर हाये म्हंतात, तो हाये काय?’

‘आहे की.’

‘माह्या कार्डावर बसते काय?’

मी कार्ड बघायचं नाटक केलं. बसत होतं. मीच लिहिलं होतं.

सर्वसाधारण मांडणीचा तो नकाशा टेबलाहून मोठा होता. त्याच्या दोन्ही कडा टेबलाबाहेर लोंबत होत्या. देवाजी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरला. भट्ट्या, शेड, कॉलनी, रुळांचा फाटा, मोठ्या साहेबांचा बंगला. प्रत्येक जागी थांबला. मधूनमधून ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावा. तीस वर्षं तो याच्या खालून चालला होता, खड्ड्याखड्ड्यानं. वरून त्यानं तो पहिल्यांदा पाहिला. हात पाठीमागेच होते. वीस मिनिटं तरी गेली असतील. माझा डबा तसाच राहिला.

शेवटी तो सरळ उभा राहिला, कंबर चोळली आणि माझ्याकडे बघून अगदी खरोखरच्या आश्चर्यानं म्हणाला,

‘येवढासाच हाये काय वं बाई?’